भाग ३८ : आफ्रिकन केसांची निगा, म्हणजे स्प्रिंग, पाणी आणि भरपूर धीर

(ऑडिओ ऐकायला वेळ नसेल किंवा लोकलमध्ये नेटवर्क जात असेल, त्यांच्यासाठी हा मजकूर. जे बोलले तेच आहे, फक्त मधले 'अं... अं...' काढलेत आणि वाक्यं जरा सरळ केलीत. प्रत्येक मथळ्यापुढची वेळ ऑडिओमधली आहे.)

[००:००] विषय कुठून आला



कुरळ्या केसांवरच्या मागच्या भागानंतर पुण्यातल्या एका श्रोतीचा मेसेज आला. तिची रूममेट टांझानियाची आहे. ती लिहिते, "हिचा आख्खा रविवार केस धुण्यात जातो. मी म्हटलं आमची शिकेकाई लावून बघ, दहा मिनिटांत होईल. तर ती नुसती हसली. इतकं काय असतं गं त्यात?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर दोन ओळींत मावेना. म्हणून आजचा भाग. मी काही हेअर एक्स्पर्ट नाही, बीटेक करून कोड लिहिणारी बाई आहे. पण एखादी गोष्ट आतून कशी बनलीये ते कळलं की ती कशी वापरायची हे निम्मं आपोआप कळतं. केसांचंही तसंच आहे.

सुरू करण्याआधी एक गोष्ट. 'आफ्रिकन केस' असा एकच प्रकार नसतो. आफ्रिकेत पन्नासहून जास्त देश आहेत. इथिओपिया, सोमालियाकडे बऱ्याच जणांचे केस मोकळे कुरळे दिसतात, तर दक्षिणेकडच्या सान लोकांचे केस इतके घट्ट वळलेले असतात की डोक्यावर छोटे छोटे दाणे असल्यासारखे वाटतात. आज आपण बोलतोय ते घट्ट वेटोळ्यांच्या केसांबद्दल, जे पश्चिम, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेत आणि तिथून अमेरिका, कॅरिबियन, ब्राझीलला नेल्या गेलेल्या लोकांच्या वंशजांत सर्रास दिसतात. आणि 'नॅचरल' म्हणजे केमिकल लावून सरळ न केलेले.

[०२:१०] केस असे का असतात

केस जिथून उगवतो ती त्वचेतली पिशवी सरळ असेल तर केस सरळ येतो. ती आकडीसारखी वाकलेली असेल तर केस वळत वळतच बाहेर येतो. शिवाय घट्ट कुरळ्या केसाचा आडवा छेद घेतला तर तो गोल नसतो, चपटा असतो. एक गोल वायर घ्या आणि एक चपटी रिबन घ्या. रिबन पटकन पिळली जाते आणि जिथे पीळ बसतो तिथे ती कमजोर होते. या केसाचं अगदी तेच होतं. त्याच्या प्रत्येक वळणावर तुटायची एक जागा तयार असते.

दुसरी गोष्ट तेलाची. आपल्या डोक्याची त्वचा स्वतःचं तेल बनवते. सरळ केसात ते घसरगुंडीवरून खाली यावं तसं टोकापर्यंत उतरतं, म्हणूनच सरळ केस दोन दिवसांत चिप्प होतात. घट्ट वेटोळ्यांत मात्र ते तेल मुळाशीच अडकतं. म्हणजे मुळं तेलकट आणि टोकं कोरडी, हे दोन्ही एकाच डोक्यावर.

या दोन वाक्यांतून जवळपास सगळे नियम निघतात. केस कोरडे पडतात म्हणून पाणी द्यायचं आणि ते धरून ठेवायचं. वळणावर तुटतात म्हणून कमीत कमी ओढायचं. आजच्या भागातलं बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

"मग निसर्गाने असे नाजूक केस दिलेच कशाला?" असा प्रश्न पडला असेल, तर त्याचंही एक सुंदर उत्तर आहे. टीना लासिसी, नीना जॅब्लॉन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उष्णता मोजणारा एक पुतळा घेतला, त्याच्या डोक्यावर माणसाच्या केसांचे वेगवेगळे विग घातले, एक सरळ, एक थोडा कुरळा आणि एक घट्ट कुरळा, आणि वरून उन्हासारखे दिवे लावले. केस कुठलेही असोत, टकलापेक्षा बरेच. पण डोक्यात सगळ्यात कमी ऊन शिरलं ते घट्ट कुरळ्या विगमधून. वेटोळ्यांमुळे केस डोक्याला चिकटून बसत नाहीत, मध्ये हवेचा थर राहतो. म्हणजे डोक्यावर कायमची छत्री. विषुववृत्ताच्या उन्हात मेंदू थंड ठेवायचा असेल तर हे डिझाइन भारी आहे. ते विस्कटलेलं वाटतं ते फक्त सरळ केसांच्या फणीला.

[०६:००] '४सी' म्हणजे काय रे भाऊ?

इन्स्टावर या विषयाचे रील बघितलेत तर सारखं ४ए, ४बी, ४सी कानावर पडेल. ही पद्धत ओप्रा विन्फ्रीचे हेअर स्टायलिस्ट आंद्रे वॉकर यांनी १९९० च्या दशकात मांडली. १ म्हणजे सरळ, २ म्हणजे लाटांसारखे, ३ म्हणजे कुरळे, ४ म्हणजे घट्ट वेटोळ्यांचे. ४ए मध्ये स्प्रिंग डोळ्यांना स्पष्ट दिसते. ४बी मध्ये वळण इंग्रजी झेड अक्षरासारखं असतं. ४सी हे नंतर लोकांनी जोडलेलं घर. त्यात वळण इतकं बारीक की वेगळी स्प्रिंग दिसतच नाही.

कामाचं लेबल आहे, पण लेबलच. एकाच डोक्यावर मागे ४सी आणि कपाळाकडे ४ए असू शकतं. शिवाय केस जाड की बारीक, दाट की विरळ, हे त्यातून कळत नाही, आणि प्रॉडक्ट निवडताना तेच जास्त लागतं.

अजून एक व्हायरल चाचणी आहे. ग्लासभर पाण्यात केस टाका, तरंगला तर अमुक, बुडाला तर तमुक. केसावर तेलाचा नुसता हात फिरला असेल तरी तो तरंगतो, आणि पाण्याचा पृष्ठताण बारीक केसाला सहज वर धरून ठेवतो. त्यापेक्षा सोपं म्हणजे आपल्या केसांवर पाणी शिंपडून बघणं. थेंब बराच वेळ वर बसून राहिले तर केस पाणी पटकन आत घेत नाहीत. लगेच शोषले आणि तासाभरात केस परत कोरडे, तर घेतात पण धरून ठेवत नाहीत.

आणि एक शब्द, 'श्रिंकेज'. ओला केस ताणला तर खांद्याखाली येतो, वाळला की कानाशी जाऊन बसतो. निम्म्याहून जास्त लांबी अशी गायब दिसू शकते. त्यामुळे "हिचे केस वाढतच नाहीत" हे आपण बाहेरून ठरवतो ते बहुतेक वेळा चूक असतं. हे केस सरळ केसांपेक्षा थोडे हळू वाढतात हे खरं, पण वाढतात. अडचण वाढीची नसते, टिकण्याची असते. मुळाशी जेवढा उगवतो तेवढाच टोकाला तुटला, तर लांबी जागच्या जागी राहते. अगदी आपल्या पगारासारखं. येतो, पण महिनाअखेर शिल्लक काय?

[०९:४०] तो आख्खा रविवार

आता मूळ प्रश्न. 'वॉश डे' ही खरंच दिवसभराची गोष्ट असू शकते. बघूया त्यात काय काय येतं.

किती वेळा धुवायचे? अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला आहे, आठवड्यातून एकदा किंवा दोन आठवड्यांतून एकदा. रोज शॅम्पू केला तर आधीच कोरडे केस आणखी कोरडे होतात. उलट महिना-महिना धुतलेच नाहीत तर घाम आणि प्रॉडक्टचे थर साचतात, खाज सुटते, कोंडा होतो.

पहिली पायरी, भाग पाडणे. भांग पाडून केसांचे चार ते आठ भाग करायचे आणि प्रत्येकाला क्लिप लावायची किंवा सैल पीळ द्यायचा. हा आळस केला की पुढचं सगळं फसतं. मोठा प्रॉब्लेम एकदम सोडवायला न जाता त्याचे तुकडे करायचे, हे आमच्या धंद्यातलं पहिलं सूत्र इथे जसंच्या तसं चालतं.

दुसरी पायरी, धुण्याआधी तेल. एका भागाला थोडं पाणी शिंपडून तेल किंवा कंडिशनर लावायचं, अर्धा तास ठेवायचं. इथे आपलं खोबरेल तेल दिमाखात एंट्री घेतं. मुंबईत मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३ मध्ये खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. तिघांपैकी फक्त खोबरेल तेलाने केसातलं प्रोटीन वाहून जाणं लक्षणीय कमी केलं, कारण त्याचे रेणू लहान आणि सरळ साखळीचे, ते केसाच्या आत शिरतात. कंपनी खोबरेल तेलच विकते हे ध्यानात ठेवूनच वाचायचं, पण हा अभ्यास आजही सगळीकडे संदर्भाला घेतला जातो. मात्र काहींच्या केसांना खोबरेल तेलाने उलट ताठरपणा येतो. दोनदा लावून बघा, नाही पटलं तर सोडा.

तिसरी पायरी, शॅम्पू. कोमट पाणी, आणि शॅम्पू फक्त डोक्याच्या त्वचेला. बोटांच्या पेरांनी चोळायचं, नखांनी नाही. खाली वाहून येणारा फेस केसांना पुरतो. केस डोक्यावर गोळा करून जाहिरातीतल्यासारखे घुसळायचे नाहीत. घुसळले की जो गुंता होतो तो सोडवता सोडवता संध्याकाळ होते.

चौथी पायरी, गुंता. खरा वेळ इथे जातो. केस ओले हवेत आणि कंडिशनरने बुळबुळीत हवेत. आधी बोटांनी मोठ्या गाठी सोडवायच्या, मग रुंद दातांचा कंगवा. आणि सुरुवात टोकांपासून. मुळापासून कंगवा खाली ओढला तर वाटेतल्या सगळ्या छोट्या गाठी मिळून टोकाशी एक मोठी गाठ तयार होते आणि मग ती तोडावीच लागते. टोकाचे दोन इंच मोकळे करा, मग त्याच्या वरचे दोन इंच, असं हळूहळू मुळापर्यंत या. एका हाताने केस मुळाजवळ धरून ठेवा म्हणजे ताण मुळावर येत नाही. लहान मुलीचे केस विंचरत असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण विंचरणं म्हणजे रडणं हे समीकरण लहानपणी एकदा बसलं की पोरगी पुढे आपल्याच केसांवर चिडायला लागते.

शेवटची पायरी, कंडिशनर धुवून केस टिपून घेणे. टर्किश टॉवेलने खसाखसा पुसायचे नाहीत. जुना सुती टी-शर्ट घ्या आणि दाबून पाणी काढा.

घट्ट आणि दाट केस असतील तर इथवर यायला दोन-तीन तास सहज जातात. आणि अजून केस बांधायचे बाकी आहेत. शिकेकाईचं ऐकून ती रूममेट का हसली असेल, आलं ना लक्षात? आपल्या केसांना शिकेकाई ठीक आहे. इथे नुसतं स्वच्छ करणं हा अख्ख्या कामाचा सगळ्यात छोटा तुकडा आहे.

[१६:२०] पाणी आत, झाकण वर

केसाला ओलावा फक्त पाण्यानेच मिळतो. तेल ओलावा देत नाही, आहे तो अडवतं. कोरड्या केसांवर तेल थापणं म्हणजे रिकाम्या डब्याला घट्ट झाकण लावणं.

म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी पाणी किंवा पाण्यासारखा पातळ लीव्ह-इन कंडिशनर, मग तेल, मग घट्ट क्रीम किंवा बटर. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'एलओसी' म्हणतात. काही जणींना क्रीम आधी आणि तेल शेवटी हे जास्त मानवतं. बारीक केस असतील तर प्रमाण कमी ठेवा, नाहीतर केस जड होऊन पडतात.

बटर म्हटलं की शिया बटर. शियाचं झाड पश्चिम आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यात वाढतं, घाना, बुर्किना फासो, माली या भागात. बिया उकडायच्या, वाळवायच्या, भाजायच्या, दळायच्या आणि मग पाणी घालून हाताने घुसळायच्या. आपल्याकडे ताक घुसळून लोणी काढतात तसंच वर लोणी येतं. हे पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं काम आहे आणि त्यावर अनेक घरं चालतात.

चाड देशातल्या बसारा बायकांची 'चेबे' पावडर सध्या खूप गाजतेय. भाजून दळलेल्या बियांची ही पावडर तेलात कालवून केसांच्या लांबीवर लावतात, वेणी घालतात आणि काही दिवसांनी परत लावतात. त्यांचे केस कंबरेपर्यंत असतात म्हणून 'केस वाढवणारी जादूची पावडर' अशी तिची विक्री होते. नीट बघितलं तर ती मुळांना लावतच नाहीत. केस तेलात आणि वेणीत झाकलेले राहतात, घासले जात नाहीत, म्हणून तुटत नाहीत. परत तोच मुद्दा, उगवणं नाही, टिकणं.

रात्रीचं विसरू नका. सुती उशीचा अभ्रा ओलावा शोषतो आणि घासून केस तोडतो. म्हणून साटनची टोपी किंवा रेशमी स्कार्फ. स्वस्तातला उपाय हवा असेल तर घरात एखादी जुनी रेशमी ओढणी असेलच.

[२०:०५] वेण्या : संरक्षण की शिक्षा?

कॉर्नरो म्हणजे डोक्याला चिकटून घातलेल्या वेण्या. बॉक्स ब्रेड्स म्हणजे डोक्यावर चौकोन पाडून प्रत्येकातून सोडलेली सुटी वेणी. ट्विस्ट म्हणजे दोन पेडांचा पीळ. बांटू नॉट्स म्हणजे छोटे छोटे अंबाडे. नायजेरियात योरुबा लोकांकडे 'इरुन कीको' आहे, त्यात बटेभोवती काळा दोरा गुंडाळतात. दोरा काढला की केस कुठलंही मशीन न लावता ताणलेले मिळतात. जे. डी. ओखाई ओजेइकेरे या नायजेरियन फोटोग्राफरने १९६८ पासून अशा केशरचनांचे फोटो काढले. बहुतेक बायका पाठमोऱ्या. बघताना शिल्प बघतोय असंच वाटतं.

या सगळ्यांना 'प्रोटेक्टिव्ह स्टाइल' म्हणतात. टोकं आत झाकली जातात, रोज कंगवा लागत नाही, केसांना सुट्टी मिळते. पण एक अट आहे. दुखता कामा नये.

हा आजच्या भागातला सगळ्यात गंभीर मुद्दा, म्हणून इथे जरा थांबते. केस सतत ओढले गेले की मुळाला सूज येते. आधी वेणी घातल्यावर डोकं ठणकतं, हसताना कपाळाची कातडी ताणल्यासारखी वाटते. मग केसांच्या कडेला बारीक पुळ्या येतात. मग कपाळाजवळचे आणि कानशिलावरचे केस विरळ होतात. याला 'ट्रॅक्शन अलोपेशिया' म्हणतात. या टप्प्यावर ओढणं थांबवलं तर केस परत येतात. पण वर्षानुवर्षं चालू राहिलं तर मुळाच्या जागी व्रण होतो आणि तिथे केस पुन्हा कधीच येत नाहीत.

हे दुर्मीळ नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनमध्ये प्रा. नॉनह्लान्हला खुमालो आणि सहकाऱ्यांनी प्रौढांची तपासणी केली, तेव्हा जवळपास ३२ टक्के बायकांमध्ये हा त्रास दिसला. पुरुषांत प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दोष केसांचा नाही, केशरचनेचा आहे.

मग करायचं काय?

- वेणी घालताना दुखलं तर लगेच सांगा, "सैल घाल." सुंदर दिसायचं तर सोसावं लागतं ही म्हण केसांना लागू नाही.
- खूप बारीक वेण्यांना भरपूर खोटे केस जोडू नका. त्यांचं वजन मुळांवरच येतं.
- वेण्या दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका. जोडलेले केस सहा ते आठ आठवड्यांत काढा. मग मध्ये काही आठवडे केस मोकळे ठेवा.
- वेण्या असतानाही डोकं धुवा.
- पुळ्या किंवा विरळ जागा दिसली तर पार्लरमध्ये नाही, त्वचेच्या डॉक्टरकडे जा. आणि लवकर जा.

हे फक्त आफ्रिकन केसांना लागू आहे असंही समजू नका. रोज घट्ट पोनी बांधणाऱ्या मुलींत, घट्ट पगडीखाली केस ओढून बांधणाऱ्या शीख पुरुषांत हाच त्रास डॉक्टरांना दिसलेला आहे.

[२५:३०] सरळ करण्याची किंमत

एवढा व्याप, तर सरळ करून का टाकत नाहीत? शंभर वर्षांहून जास्त काळ कोट्यवधी बायकांनी तेच केलं.

केसातल्या प्रोटीनच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. वळण त्यामुळे टिकतं. 'रिलॅक्सर' क्रीममधलं अल्कली हे बंध तोडतं. जुन्या आणि सगळ्यात कडक रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा, ज्याने तुंबलेला पाइप साफ करतात. जरा जास्त वेळ राहिलं तर कातडी भाजते. आणि यात अनडू नाही. सरळ झालेला केस परत कुरळा होत नाही, नवा उगवेपर्यंत थांबावं लागतं. 'बिग चॉप' म्हणजे तो सरळ भाग कापून टाकून नव्याने सुरुवात करणं.

असा सरळ करणारा एक लेप अमेरिकेत गॅरेट मॉर्गन यांनी १९१३ च्या सुमारास विकायला काढला. हेच ते मॉर्गन, ज्यांनी १९२३ मध्ये वाहतुकीच्या सिग्नलचं पेटंट घेतलं. त्याच काळात मॅडम सी. जे. वॉकर यांनी डोक्याच्या त्वचेची मलमं आणि केसांची प्रॉडक्ट्स विकून साम्राज्य उभं केलं. १८६७ मध्ये, नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या आईबापांच्या पोटी जन्म, तरुणपणी लोकांचे कपडे धुणं, आणि १९१९ मध्ये गेल्या तेव्हा अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत कृष्णवर्णीय बायकांपैकी एक.

आता आरोग्याचा भाग. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ३३,४९७ बायकांचा जवळपास ११ वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केस सरळ करायची केमिकल्स कधीच न वापरणाऱ्यांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं अंदाजे प्रमाण १.६४ टक्के. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. दोन्ही आकडे ऐका. दुपटीहून जास्त धोका, हे खरं. आणि शंभरातल्या सुमारे शहाण्णव जणींना तो होत नाही, हेही खरं. शिवाय हा संबंध दिसलाय, कारण सिद्ध झालेलं नाही. घाबरवायला सांगत नाहीये. पण हे माहीत असताना निवड करणं आणि माहीत नसताना करणं, यात फरक आहे.

[३०:१५] केस आणि कायदा

बायका एवढा त्रास सोसत होत्या तो फॅशनसाठी नाही, नोकरी मिळावी म्हणून.

१७८६ मध्ये लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर मिरो याने फर्मान काढलं की स्वतंत्र कृष्णवर्णीय बायकांनी केस फडक्याने झाकावेत. बायकांनी काय करावं? त्या फडक्यांचे इतके झोकदार फेटे बांधले की तीच फॅशन झाली!

ऑगस्ट २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या मुलींच्या एका नामवंत सरकारी शाळेत केस 'नीटनेटके' ठेवण्याच्या नियमाविरुद्ध मुलीच उभ्या राहिल्या. हात वर करून निषेध करणाऱ्या १३ वर्षांच्या झुलैखा पटेलचा फोटो जगभर गेला. प्रांताच्या शिक्षण खात्याने तो नियम स्थगित केला. विचार करा, आफ्रिका खंडातल्या शाळेत आफ्रिकन केस जसे उगवतात तसे ठेवायला आंदोलन करावं लागलं. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने 'क्राउन' कायदा केला. केसांच्या पोतावरून किंवा वेण्या, जटा अशा रचनांवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करायचा नाही. त्यानंतर अमेरिकेतल्या वीसहून जास्त राज्यांनी असे कायदे केलेत, देशभराचा कायदा मात्र अजून झालेला नाही.

आणि माझ्या जातभाईंसाठी, म्हणजे इंजिनिअर लोकांसाठी. भेदभाव मशीनमध्येही असतो. मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या ईईजीचे इलेक्ट्रोड डोक्याच्या त्वचेला टेकावे लागतात. दाट घट्ट केसांत ते टेकत नाहीत, सिग्नल खराब येतो, आणि मग अशा लोकांचा डेटाच कमी गोळा होतो. कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकत असताना आर्नेल एटिएन यांनी प्रा. पुलकित ग्रोवर यांच्या गटात यावर उत्तर काढलं. इलेक्ट्रोडच्या जागांमधून कॉर्नरो घालायचे आणि त्या वेण्यांच्या आधाराने इलेक्ट्रोड क्लिपने धरून ठेवायचे. २०२० मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. केस अडचणीचे नव्हते, यंत्र बनवताना ते केस कुणाच्या डोळ्यांसमोरच नव्हते.

[३४:४०] आपला संबंध काय?

आहे, आणि जवळचा आहे. अमेरिकेत, आफ्रिकेत केसांना जोडली जाणारी जी 'ह्यूमन हेअर' गंगावनं विकली जातात, त्यातले बरेच केस भारतातून जातात. तिरुमलाला भाविक अर्पण करतात त्या केसांचा लिलाव होतो आणि ते जगभर पोचतात. नवस एकीचा, गंगावन दुसरीचं.

आणि हे केस भारतात पाहुणेही नाहीत. मुरुड-जंजिऱ्याचा किल्ला ज्यांनी राखला त्या सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले. गुजरातेत गीरच्या आसपास, कर्नाटकात यल्लापूर, हल्याळकडच्या जंगलपट्ट्यात सिद्दी समाज आजही आहे. त्यांच्या मुलींना शाळेत केसांवरून चिडवतात तेव्हा वर सांगितलेली गोष्ट दूरची राहत नाही.

[३६:३०] तुमचे प्रश्न, पटापट

*"माझे केस नुसते कुरळे आहेत. मी हे सगळं करू का?"* टोकांपासून गुंता सोडवणं, टी-शर्टने टिपणं, साटनचा अभ्रा, हे बिनधास्त घ्या. शिया बटर जपून. मुंबईच्या दमट हवेत आपल्या केसांना ते जड होतं.

*"आमच्या कॉलेजातल्या आफ्रिकन मुलीचे केस इतके भारी आहेत, हात लावून बघितला तर चालेल का?"* नाही. विचारूनही नको. "छान दिसतायत" एवढं पुरे. दिवसातून चार जण विचारतात तिला. लोकलमध्ये कुणी तुमची वेणी धरून "खरी आहे का?" विचारलं तर?

*"केस न धुता घालतात का त्या वेण्या?"* नाही. धुवून, गुंता काढून, ओलावा देऊन, मग घालतात. 'अस्वच्छ' हा आपला समज आहे, त्यांची सवय नाही.

*"रूममेटला मदत काय करू?"* हे मला सगळ्यात आवडलं. डोक्याच्या मागच्या बाजूचे भाग स्वतःचे स्वतः पाडणं फार अवघड जातं, तिला विचारून तेवढं करून दे. हॉस्टेलचं पाणी क्षाराचं असेल तर शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याने करायला एक बादली भरून ठेव. आणि रविवारी दुपारी बाथरूमच्या दारावर थापा मारू नकोस!

चला, इथेच थांबते. या विषयातलं तुम्हाला प्रत्यक्ष काही माहीत असेल, तुम्ही किंवा तुमच्या घरात कुणी असे केस सांभाळत असाल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. आणि कपाळाजवळचे केस विरळ होतायत असं जिला वाटतंय, तिने आज रात्री वेणी जरा सैल घाला.